रिकाम्या पारड्याचा आकडा

नवरा उठायच्या आत रत्ती बाथरूममध्ये शिरायची, आतून कडी घालायची, पालथ्या बादलीवर बसायची आणि बोटाला सुई टोचायची. स्वतःच्या घरात, स्वतःच्याच रक्ताची ही चोरी! पण भीती माणसाला काय काय करायला लावील याचा नेम नाही. थेंब पट्टीला लावला की हातातलं ते चिमुकलं यंत्र उलटे आकडे मोजायला लागायचं, आणि तेवढ्या वेळात हिच्या पोटात गोळा यायचा. पोटात सातव्या महिन्याचं बाळ, आणि त्याच्या शेजारी रोज सकाळी हा गोळा.

त्या दिवशी आकडा आला एकशे आठ. हवा होता पंचाण्णवच्या आत.

तिनं यंत्र हलवून पाहिलं. ते काय खुळखुळा आहे, हलवून बदलायला? मग हात साबणानं धुतले, पुसले, दुसरं बोट टोचलं. एकशे नऊ. तिनं पट्ट्या कागदात गुंडाळून कचऱ्याच्या अगदी तळाला दडपल्या आणि बाहेर आली. नवरा उशीत तोंड खुपसून म्हणाला, "साखर किती आली गं?"

"ठीक आहे," ती म्हणाली. खोटं बोलायचा सराव झाला की आवाजसुद्धा कापत नाही.

आता रत्ती हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते तिच्या मामांनी ठेवलेलं. मामांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान. लहानपणी ही तिथे यायची तेव्हा इतकी किडकिडीत होती, की मामांनी तिला एकदा खरोखरच पारड्यात बसवलं आणि म्हणाले, "ही तर रत्तीभर!" झालं, चिकटलं ते चिकटलं. मोठी झाली, लग्न झालं, तरी ती रत्तीच. आता त्याच दुकानात ती काम करायची. वाण्यांचे काटे, भंगारवाल्यांचे काटे, टपालाचे, सोनारांचे. हातात स्क्रू ड्रायव्हर घेतला की पोरीचा हात बघत राहावा. दुकानदार मामांना सोडून तिच्याकडे काटा द्यायचे आणि मामा खोटं खोटं रुसायचे.

मामांनी तिला पहिल्या दिवशी जे शिकवलं ते एवढंच: आधी शून्य बघ. काटा आला की पारडं रिकामं करायचं आणि आकडा बघायचा. रिकाम्या पारड्यालाही काटा वजन दाखवत असेल, तर आत कुठे तरी काही तरी अडकलंय. पिठाचा थर असेल, गंजका खिळा असेल, नाही तर मेलेलं झुरळ. ते काढायचं. तरी शून्यावर येत नाही? आणखी काढायचं. येईपर्यंत काढत राहायचं.

आणि इथेच बाई फसली. दवाखान्यातल्या साखरेच्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "सकाळी उपाशीपोटी तपासा." उपाशी पोट म्हणजे रिकामं पारडं, हे रत्तीनं मनाशी पक्कं धरलं. रक्तात साखर शून्य नसते, पंचाण्णवपर्यंत चालते, एवढं तिला कळत होतं. ती अडाणी नव्हती. पण रिकाम्या पारड्यावर एकशे आठ येतात, म्हणजे पारडं अजून पुरतं रिकामं झालेलं नाही, हा तिचा हिशेब. मग काढा आणखी.

सिस्टरांनी तिला खाण्याचं सगळं नीट समजावून दिलं होतं. संध्याकाळी लवकर जेवायचं, ताटात अर्धी भाजी, थोडा जाड गव्हाचा ब्रेड, डाळ नाही तर अंडं. जेवल्यावर जरा चालायचं. आणि झोपताना थोडंसं काही तरी, एक ब्रेडचा तुकडा आणि मूठभर दाणे, म्हणजे रात्र लांबत नाही. गोड बंद. डॉक्टरांनी वर सांगितलं, खाणं सांभाळून सकाळचा आकडा उतरला तर उत्तम, नाही उतरला तर येत्या शुक्रवारी इन्शुलिन सुरू करू.

नवरा कारखान्याची बस चालवायचा, दुपारपाळीची. निघायच्या आधी तो हिचं रात्रीचं ताट तयार करून झाकून ठेवायचा. ज्या माणसाला लग्नाआधी अंडं किती वेळ उकडायचं हे माहीत नव्हतं, तो आता भाजी निवडताना चष्मा लावायचा. आणि रात्री परतला की दारातूनच पहिला प्रश्न, "जेवलीस?"

"हो."

"दाणे खाल्लेस?"

"हो हो, खाल्ले!"

कसले खाल्ले! खालच्या मजल्यावर तिची थोरली नणंद राहायची. लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची, आणि जीभ इस्त्रीपेक्षा गरम. तिचा एक कुत्रा होता, भोपळा नावाचा. तो रोज संध्याकाळी जिना चढून वर यायचा, आणि नवऱ्यानं चष्मा लावून निवडलेली भाजी, अंडं, ब्रेड, दाणे, सगळं सगळं भोपळ्याच्या पोटात जायचं. रत्ती दाराला पाठ लावून उभी राहायची आणि त्याच्या मिटक्या ऐकायची. भुकेनं तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण भूक लागली की तिला बरं वाटायचं. भूक लागली म्हणजे पारडं रिकामं होतंय.

का एवढं? इन्शुलिनच्या सुईला ती भीत होती असं वाटेल तुम्हाला. छे. सुईला कोण विचारतो? तिला भीती होती ती वेगळीच, आणि ती तिनं कुणालाही सांगितली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीही तिला दिवस गेले होते. त्या वेळी तिला क्रीम भरलेल्या पावाचे डोहाळे लागले. बस डेपोशेजारच्या बेकरीतला पाव, बोटभर क्रीम, वर साखर भुरभुरलेली. रोज संध्याकाळी एक, कधी दोन. सगळे हसायचे, म्हणायचे, खा गं, दोन जिवांची आहेस. साखर तपासायची वेळ आली तेव्हा दुकानात काम तुंबलं होतं, तिनं म्हटलं पुढच्या खेपेला बघू. आठव्या महिन्यात एक दिवस बाळ गप्प झालं. "झोपलं असेल," ती म्हणाली, "झोपू दे बिचाऱ्याला." तिनं त्याला दिवसभर झोपू दिलं, रात्रभर झोपू दिलं. सकाळी दवाखान्यात गेली तेव्हा सांगितलं गेलं, की ते आता उठणार नाही.

नंतर कुणी तरी डॉक्टर म्हणाले, साखर वाढलेली दिसतेय, कदाचित त्यानंही असेल, नक्की सांगता येत नाही. त्यातलं कदाचित आणि नक्की सांगता येत नाही हे सगळं रत्तीच्या कानातून गळून गेलं. उरली फक्त साखर.

तर असा जीव टांगणीला लागलेला. आणि आकडा? ती जितकं कमी खाईल तितका तो वर. एकशे चार होता, एकशे आठ झाला. मग तिनं दुपारच्या डब्यातलंही अर्धं टाकायला सुरुवात केली. बुधवारी सकाळी बादलीवर बसून तिनं यंत्रात पाहिलं तर एकशे चौदा.

आदल्या दुपारपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलेलं नव्हतं. मग हे एकशे चौदा आले कुठून? रिकाम्या पारड्याला हे कोण दाबतंय? तिला वाटलं, आपल्या आतच काही तरी बिघडलंय, आपल्याच हाडामांसातून ही साखर पाझरतेय. आपण आईच अशी, विषारी. बादलीवर बसल्या बसल्या तिनं पदर तोंडात कोंबला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"अगं, किती आली?" बाहेरून नवरा.

"ठीक आहे."

त्या दिवशी तिनं सकाळचंही काही खाल्लं नाही. डबा घेतला आणि दुकानात गेली.

मामा सुट्या भागांच्या खरेदीला बाहेर पडायच्या तयारीत होते. जाता जाता दारात घुटमळले. "रत्ते, एक काटा आलाय. तू हात लावू नकोस, मी आल्यावर बघेन." आणि गेले.

कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेला तो काटा तिला लगेच ओळखू आला. कापडाखालून त्याचं खोलगट पारडं दिसत होतं. तान्ह्या बाळांचं वजन करायचा काटा होता तो, कुठल्या तरी प्रसूतिगृहाचा. गेल्या दोन वर्षांत मामांनी असा काटा दुकानात ठेवलाच नव्हता. कुणी आणला तर बाहेरच्या बाहेर परत पाठवायचे. या खेपेला माणूस ठेवून निघून गेला असणार.

हात लावू नकोस म्हटल्यावर माणूस काय करतो? तिनं थोडा वेळ टपालाचा काटा उघडला, स्क्रू दोनदा हातातून पडला. घाम फुटला होता. मग ती उठली आणि जाऊन तिनं ते कापड काढलं. सवयीनं पारडं पुसलं. सवयीनंच वाकून आकडा पाहिला.

शून्य. काटा अगदी बरोबर शून्यावर.

इतकी वर्षं शून्य दिसलं की तिला समाधान वाटायचं. आज त्या पांढऱ्या खोलगट पारड्याकडे आणि त्या शून्याकडे बघून तिच्या काळजात धस्स झालं. पारडं रिकामं आहे. यात कुणी नाही. आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून पोटात काही हललेलं नाही.

तिनं पोटावर हात ठेवला. काही नाही. दुसरा हात ठेवला. बाजूला जरा दाबलं, एरवी असं दाबलं की आतून उलट एक ढुशी यायची. काही नाही. ती खाली फरशीवर बसली, कुशीवर झाली, श्वास रोखून धरला. बाहेर रस्त्यावर कुणी तरी शटर वर करत होतं, एक गाडी हॉर्न वाजवत होती, आणि आत सगळं शांत.

झोपलं असेल, तिच्या मनात आलं.

आणि ते वाक्य मनात आल्याबरोबर तिची जी पाचावर धारण बसली, ती काही विचारू नका. तेच वाक्य! शब्द न् शब्द तेच! तिला उठून पळत सुटायचं होतं, पण ती फरशीवरच बसून राहिली. आणि खरं सांगू? दवाखान्यात जायचीच तिला भीती वाटत होती. तिथे गेलं की ते पोटाला यंत्र लावणार, आणि मग जे असेल ते असेल. इथे दुकानात फरशीवर बसलं तोवर बाळ झोपलेलंच आहे. तसं नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

मामा पाकीट विसरले होते म्हणून परत आले, नाही तर काय झालं असतं कोण जाणे. दारातून त्यांना दिसलं ते उघडं पारडं आणि त्याच्या पायाशी बसलेली रत्ती.

"अगं, तुला म्हटलं होतं ना हात लावू नकोस..."

"मामा, हलत नाहीये."

मामा एरवी इतके बोलघेवडे, की गिऱ्हाईक पैसे देऊन सुटका करून घ्यायचं. आता एक शब्द बोलले नाहीत. तिला काखेत धरून उठवलं, दुकान तसंच उघडं टाकलं, आणि काटे पोचवायच्या टेम्पोत तिला बसवलं. वाटेत फोन करून लाँड्रीतून नणंदेला बोलावलं. ती अर्ध्या रस्त्यात गाडीत चढली, हाताला अजून स्टार्चचा वास. चढल्यावर तिनं रत्तीचा चेहरा पाहिला आणि चक्क गप्प बसली. नणंद गप्प बसली हे बघून रत्ती आणखीच घाबरली.

दवाखान्यात साखरेच्या सिस्टरांनी तिला थेट आत घेतलं. पोटावर गार जेल लावलं, यंत्राची मूठ फिरवायला सुरुवात केली. खर्र, खर्र, खर्र. सिस्टर डावीकडे गेल्या. खर्र. उजवीकडे आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मागच्या खेपेच्या सिस्टरांच्या चेहऱ्यावरूनही असंच काही कळलं नव्हतं. रत्तीनं डोळे गच्च मिटले. मला घे, ती मनात म्हणत होती, कुणाला म्हणत होती ते तिलाही ठाऊक नव्हतं, मला घे पण याला ठेव. नणंदेनं तिचा हात एवढा आवळला होता की बांगडी रुतली.

मग अचानक खोलीभर आवाज घुमला. धडधड धडधड धडधड, शिवणाचं पायमशीन भरधाव मारल्यासारखा.

"हे बघा," सिस्टर म्हणाल्या. "आहे की."

नणंदेनं हुंदका दिला आणि लगेच सिस्टरांवरच उखडली, "अहो, मग एवढा वेळ लावतात का! इथे जीव गेला आमचा!"

रत्ती फक्त त्या आवाजाकडे बघत होती, म्हणजे आवाजाकडे बघता येत असतं तर.

पण सिस्टरांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी पोटाला पट्टे बांधून ठोक्यांचा आलेख काढायला लावला, लघवी तपासायला घेतली, आणि परत आल्या त्या कपाळाला आठ्या घालून.

"लघवीत कीटोन आलेत. शेवटचं कधी जेवलात तुम्ही?"

"काल रात्री," रत्ती म्हणाली.

"काय काय?"

"भाजी, ब्रेड, अंडं. झोपताना दाणे."

"साफ खोटं!" नणंद कडाडली. "काल रात्री हे सगळं माझ्या भोपळ्यानं खाल्लंय! आठवडाभर मी विचार करतेय, हा घरचं तोंडात का घेत नाही, याच्या तोंडाला अंड्याचा वास कसा येतो, आणि हा असा फुगत का चाललाय. मला वाटलं शेजारची म्हातारी लाडावतेय. आता पेटली माझी ट्यूब!"

रत्तीनं मान खाली घातली. सिस्टर स्टूल ओढून समोर बसल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत, आणि म्हणूनच रत्तीला रडू फुटलं.

"मला आकडा उतरवायचा होता," ती म्हणाली. "काही खाल्लंच नाही, तर चढेल कसा? पारड्यात काही नाही, तरी आकडा वाढतोय. कसा?"

"कसलं पारडं?"

मामा दारातून घसा खाकरून म्हणाले, "चूक माझी आहे सिस्टर. मी शिकवलंय तिला तसं." आणि त्यांनी शून्याची सगळी गोष्ट सांगितली.

सिस्टरांनी ऐकून घेतलं. "अहो बाई, काट्याला रात्रभर रिकामं ठेवलं तर काटा घाबरत नाही," त्या म्हणाल्या. "शरीर घाबरतं. पहाटेच्या सुमाराला तुमचं लिव्हर आपल्या कोठीतली साखर काढून रक्तात ओततं, म्हणजे उठल्यावर अंगात बळ असावं. हे माझंही होतं, यांचंही होतं. फक्त तुमच्या अंगात या दिवसांत ती साखर आवरली जात नाही. त्यात तुम्ही दुपारपासून उपाशी. लिव्हरला वाटलं दुष्काळ पडला. त्यानं आणखी ओतली. तुम्ही आणखी उपाशी राहिलात, अंगातली चरबी जळायला लागली, त्याचे हे कीटोन. ते बाळाला चांगले नाहीत. आणि बाळाला हलायचं तर हलायला काही मिळायला नको?"

"म्हणजे मी त्याला..."

"आज काही झालेलं नाही. तुम्ही वेळेवर आलात. ऐकताय ना? वेळेवर आलात."

त्यांनी तिला दूध आणि ब्रेड-अंडं आणून दिलं. नणंद घास न् घास बघत राहिली, जणू भोपळा पलंगाखालीच दबा धरून बसलाय. थोड्या वेळानं पट्ट्याखाली, उजव्या कुशीला, एक सणसणीत लाथ बसली. रत्ती दचकली आणि तोंडातला घास तसाच ठेवून हसली. मग पुन्हा घाबरली. हसलं की नजर लागेल, असं काही तरी तिला वाटलं.

नवरा पोचला तो बसच्या गणवेशातच. डोक्यावर टोपी, हातात किल्ल्या, चेहरा पांढराफटक. दुसऱ्याच्या हाती बस सोपवून आला होता. आल्या आल्या बहिणीनं त्याला भोपळ्याची हकीकत सांगून टाकली, मीठमसाला लावून. तो टोपी काढून मांडीवर ठेवून बसला.

रात्री घरी आल्यावर त्यानं ताट वाढलं. एक नाही, दोन. स्वतःसाठीही तेच, तेवढंच. आणि समोर बसला.

रत्तीनं घास उचलला. दवाखान्यात सिस्टरांसमोर गिळला होता तो भीतीपोटी. इथे स्वतःच्या स्वयंपाकघरात हात तोंडाशी नेला आणि तो तिथेच थांबला. सिस्टरांचं सगळं तिला पटलं होतं. पण पटणं डोक्यात असतं आणि घास घशातून जायचा असतो.

"जात नाहीये," ती म्हणाली.

"थोडं थोडं खा."

"तसं नाही." तिनं घास ताटात ठेवला. "याच तोंडानं खाल्ले ना मी ते पाव? रोज. दोन दोन. सगळी मंडळी हसायची आणि मी चाटूनपुसून खायची. मीच घालवलं त्याला. आता पुन्हा घास घ्यायचा म्हटला की वाटतं, यालाही मी..."

तिला पुढे बोलता येईना. दोन वर्षं जे वाक्य तिनं कुणाच्या कानावर पडू दिलं नव्हतं, ते असं भाजीच्या ताटात येऊन पडलं.

नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "आणत कोण होतं?"

"काय?"

"पाव. डेपोतून रोज आणत कोण होतं? तुझे पाय सुजायचे, तू कुठे जात होतीस बेकरीत! मी आणायचो. तू एक म्हणालीस की मी दोन घ्यायचो." त्यानं पाण्याचा पेला उगाच इकडून तिकडे सरकवला. "मी आता त्या रस्त्यानं जात नाही. मागच्या गेटनं बस काढतो. सगळे विचारतात, का रे बाबा एवढा वळसा? सांगतो, तिकडे खड्डे आहेत."

रत्ती त्याच्याकडे बघत राहिली. दोन वर्षं एका अंथरुणावर झोपून या दोघांनी एकच भीती पाठीला पाठ लावून वाटून घेतली होती, आणि एकमेकांना पत्ता लागू दिला नव्हता. काय म्हणावं अशा माणसांना! राग येतो आणि कीवही येते.

"सिस्टर म्हणाल्या, कशानं गेलं ते कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही," तो म्हणाला. "मी विचारलं त्यांना आज. दोन वर्षं विचारायची हिंमत नव्हती."

"मग?"

"मग काही नाही. मला हे रोज बनवायला येतं, तेवढं मी करतो. तू खा. दार लावून नको, माझ्यासमोर खा."

तिनं घास उचलला. खाल्ला. रडत खाल्ला, पण खाल्ला. भोपळा वर येऊन दाराशी उभा राहिला, शेपूट हलवली, आणि कुणी विचारत नाही म्हटल्यावर अपमान झाल्यासारखा खाली निघून गेला. जेवण झाल्यावर दोघं गल्लीच्या टोकापर्यंत चालून आली. झोपायच्या आधी त्यानं ब्रेडचा तुकडा आणि मूठभर दाणे तिच्या हातावर ठेवले आणि ती चावून गिळेपर्यंत दिवा मालवला नाही.

आता एका रात्रीत आकडा धाडकन खाली आला असं सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण तसं होत नाही. दुसऱ्या दिवशी एकशे सहा आला आणि रत्तीचं धाबं दणाणलं, खाल्लं आणि तरी एवढा! मग तिला आठवलं, न खाता एकशे चौदा होता. शुक्रवारी डॉक्टरांनी घरी खाल्लेलं सगळं ऐकलं, या वेळी खरं, आणि आणखी आठवडा दिला. "नाही उतरला तर इन्शुलिन. ती शिक्षा नसते, एवढं लक्षात ठेवा," असंही म्हणाले. त्या आठवड्यात आकडा कधी एकशे एक, कधी सत्त्याण्णव, एकदा तर ब्याण्णव आला. ब्याण्णव आला त्या दिवशी नणंदेनं जिन्यातून सगळ्या इमारतीला ऐकवलं. रत्ती मात्र हसली नाही. रोज सकाळी बोट पुढे करताना तिच्या पोटात गोळा यायचा तो यायचाच.

मात्र आता ती बादलीवर बसत नव्हती. स्वयंपाकघरात, टेबलाशी, नवऱ्यासमोर.

पुढच्या शुक्रवारी, दवाखान्यात जायच्या दिवशी, तिला यंत्राकडे बघवेना. तिनं तोंड फिरवलं. "तुम्हीच बघा," ती म्हणाली.

त्यानं चष्मा लावला. जरा वेळ गेला. त्या वेळात रत्तीला पुन्हा सगळं दिसलं: पांढरं पारडं, शून्य, खर्र खर्र.

"अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला. आवाज सांभाळून म्हणाला, पण तिला कळलं. तीननं वर. आजच नेमकं वर.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आता ही काय करील, कडी घालील का, ताट सरकवील का, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तिलाही तेच वाटून गेलं. हात आपोआप मागे जायला लागला, रिकामं कर, आणखी रिकामं कर म्हणत. आत बाळानं कूस बदलली, सावकाश, झोपेतून उठणाऱ्या माणसासारखी.

रत्तीनं पोटावर हात ठेवला. मग खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"डॉक्टर काय ते बघतील," ती म्हणाली. "सुई द्यायची तर देऊ देत. आधी मला खायला द्या. आम्हाला भूक लागलीये."

दोन वर्षांत हे शब्द त्यानं तिच्या तोंडून ऐकले नव्हते. तो अंडी उकडायला ठेवायला उठला, आणि गॅस पेटवायला त्याला तीन काड्या लागल्या.